सटवाईपुढची कंपासपेटी

माझ्या थोरल्या नणंदबाईंइतकं काळजी करणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचं नाही. ताईंनी जन्मभर अकोल्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि ‘पोरीच्या जातीले गणित येत नसते’ म्हणणाऱ्या प्रत्येक बापाशी भांडण काढलं. आणि नेमकी त्यांचीच लेक दहावीनंतर गणित सोडून मोकळी झाली! लोकांना बोलायला आयतं निमित्त मिळालं. ताईंच्या मनात मात्र किडा शिरला, हे पोरींच्या रक्तातच असतं की काय?

म्हणून लेकीला मुलगी झाली, तेव्हा ताईंनी पहिल्यापासूनच बंदोबस्त आरंभला. सहाव्या दिवशी सटवाई बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून पूजेत कोरा कागद नि पेन ठेवतात. ताईंनी शेजारी कंपासपेटीही मांडली. “ताई, तुमचा तर सटवाईवर विश्वास नाही,” मी म्हटलं. “नाईच हाये. पण आलीच तर तिच्यापाशी सामान नको का?”

लेक अकोटला, नात मात्र शिकायला आजीकडेच राहिली. मग त्या घरात गणिताला कठीण म्हणायची बंदी झाली. एकदा उकडपेंडी खाता खाता मी बोलून गेले, “मला मेलं गणिताचं डोकंच नाही.” ताईंनी हातातली बशी काढून घेतली. “डोकं नाई त कुंकू कुठं लावतं व?” नात अभ्यासाला बसली की ताई समोर खुर्ची टाकून बसत. नजर पोरीच्या पेनाच्या टोकावर. तिनं काही खोडलं की यांची खुर्ची वीतभर पुढं.

परवा मी अमरावतीहून गेले, तर दुसऱ्या दिवशी दहावीचा गणिताचा पेपर, आणि पोरीला साधं वर्गसमीकरण सुटेना. अखेर तिनं पेन खाली ठेवलं. “आजी, मले गणित येते. पण तू पाह्यत बसली का सारं चुकते.”

ताई उठल्या आणि स्वयंपाकघरात येऊन लसूण सोलायला बसल्या. सोलता सोलता म्हणाल्या, “हिची माय बी अशीच पेन ठेवे. मी तिले कदी इचारलंच नाई, काहून ठेवते म्हणून.” मला फार वाईट वाटलं. मीही लसणाचा एक गड्डा हातात घेतला.

लसणाचा ढीग झाला तरी ताई जागच्या हलल्या नाहीत. “तू जरा डोकावून ये, लिहून राहिली का पोरगी,” त्या म्हणाल्या. मी उठले, तसा त्यांनी माझा पदर धरला. “पण मले सांगू नको.”

मी दारातून पाहिलं. पोरगी मान खाली घालून भराभर लिहीत होती. मी परत येऊन मुकाट्यानं लसूण सोलायला बसले. माझा चेहरा दिसू नये म्हणून ताईंनी आपलं तोंड भिंतीकडे फिरवून घेतलं होतं.