रिकामं परत केलेलं कार्ड

गुरुप्रसाद चहा बशीत ओतून प्यायचा. विचारात पडला की डावा कान चोळायचा. गेमचं मेमरी कार्ड लावण्याआधी शर्टाच्या टोकाने पुसायचा, मग उगाच फुंकायचा. खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांची जुनी बाटली असायची. नखाएवढी कार्डं तिच्यात. आणि कुणाचंही कार्ड तो रिकामं परत करायचा नाही. एखादा गेम घालूनच द्यायचा.

ही त्याच्या आईची, लीलाताईंची रीत. शेजारचा डबा परत जाताना त्यात निदान चिमूटभर साखर तरी.

तो इंदरगंजला औषधांच्या दुकानात होता. मी त्याच शहरात, किला गेटला राहत होते. आमच्यात एकच गेम होता. ओसाड बेटावर गाव वसवायचं. कन्सोल दोन, कार्ड एक. एक आठवडा त्याचा, एक माझा. रविवारी कार्ड हात बदलायचं. दोन वर्षांत विहीर झाली, शाळा झाली, नदीकाठी शेजारी शेजारी आमची घरं झाली.

ऑगस्टमध्ये मी नवा कन्सोल घेतला. कार्ड घातल्यावर कन्सोलने काहीतरी विचारलं. मी न वाचता ‘हो’ दाबलं. कार्ड कोरं झालं.

रविवारी ते तसंच त्याच्या हातात ठेवलं. तो बराच वेळ कान चोळत राहिला.

“साहित्यात एमए केलंस, शिखा. आणि एक ओळ वाचली नाहीस?” मग हसला. “छोड यार. परत बांधतो.”

दोघं मिळून बांधू म्हटलं, तर ऐकेना. डिसेंबरमध्ये मी नोकरीसाठी पुण्याला जाणार होते. त्याआधी अख्खं गाव उभं करून कार्ड माझ्याबरोबर द्यायचं, असं त्याने ठरवलं. रविवारी यायचा, पण कार्ड दाखवायचा नाही. विहीर झाली, एवढंच सांगायचा.

ऑक्टोबरमध्ये त्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

तेराव्यानंतर लीलाताईंनी मला बोलावून ती बाटली दिली. “तापातही खेळत होता. मी रागावले त्याला,” म्हणाल्या. मी निघाले तशा दारापर्यंत आल्या.

“बघ गं, रिकामं तर नाही ना?”

घरी येऊन कार्ड घातलं. या वेळी प्रत्येक ओळ वाचली.

विहीर होती. शाळा होती. नदीकाठी माझं घर होतं. शेजारची जागा मोकळी. स्वतःचं घर त्याने सुरूच केलं नव्हतं.

माझ्या छताला अकरा फळ्या लागतात. सात बसवल्या होत्या.