दुखण्याआधीचं मलम

स्वप्नाली माझी वडवणीतली विद्यार्थिनी. पुण्यात सहा वर्षं तिनं कार्बनला फ्लोरिन जोडायचं संशोधन केलं. त्या कामात एक ॲसिड लागतं. त्याचा थेंब हातावर पडला तर कधी कधी लगेच कळतही नाही. काही तासांनी दुखू लागतं, तोवर ते हाडापर्यंत पोचलेलं असतं. म्हणून बाटली उघडण्याआधी मलमाची ट्यूब शेजारी ठेवायची आणि थेंब पडलाच, तर हात धुऊन दुखायची वाट न बघता ते चोळायचं, हे ती प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवायची.

मग तिचे गाईड निवृत्त झाले, प्रकल्प बंद पडला, प्रबंध अर्धा राहिला. आता ती भावाच्या मेडिकलवर बसते. पट्टीवरचं नाव वाचून कोणत्या गोळीत फ्लोरिन आहे ते तिला कळतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, ती पांढरी द्या."

परवा माझंच डोकं फिरलं. "अगं, एवढं शिकून हे? तुला काहीच कसं वाटत न्हाई?"

तिनं पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीनं कापून पुडीत घातल्या.

"अजून तर काहीच दुखत न्हाई, सर," ती म्हणाली. "त्याचंच लई भ्याव वाटतंय."