२०७ नंबरच्या डेसची साक्ष

आधीच सांगते, मी या लाइनची नाही. उलट्या बाजूची आहे. नागपूरला कॉलेजात असताना सीताबर्डीच्या चौकात उभं राहून मी भानामती आणि गंडेदोऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटली आहेत. "पुरावा दाखवा" हे आमचं लाडकं वाक्य. भुताखेतांच्या या फोरमवरही दोन वर्षं मी फक्त भांडायलाच येत होते... लोकांच्या अनुभवांखाली "डॉक्टरला दाखवलंत का?" असं लिहिणारी ती मीच. तेव्हा आज कोणी मला तेच विचारलं तर हक्क आहे तुमचा.

अमावस्या नव्हती, सुनसान रस्ता नव्हता. दुपारचे अडीच वाजले होते, ट्यूबलाइट चालू होत्या आणि हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती.

जागा : कॅनडा, व्हँकूवरच्या बाजूला, कोक्विटलामला लागून असलेलं एक शहर. शहराचं नाव देत नाही, कंपनीचंही नाही, कारण प्रकरण अजून संपलेलं नाही. मी आणि माझा चुलतभाऊ प्रणवदादा (पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला) एका चार मजली जुन्या लाकडी बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहतो. एकच लिफ्ट, तीही मूडमध्ये असली तर. मागच्या वर्षी एका कंपनीनं बिल्डिंग विकत घेतली आणि प्रत्येक दारावर गुळगुळीत कागद लावला : आम्ही हे पाडून टॉवर बांधणार, तुमच्यासाठी आनंदाची बातमी! आनंदाची! चौथ्या मजल्यावरच्या फ्लोराआंटी, सत्तरीच्या, गुडघे गेलेले, तीस वर्षं दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळून रिटायर झालेल्या — त्यांनी तो कागद मला वाचायला दिला आणि विचारलं, "हे मला कुठे जा म्हणतायत?"

माझं डोकं फिरलं. मी भाडेकरूंची कमिटी काढली. मागणी एकच : टॉवर उभा राहिला की जुन्या प्रत्येक भाडेकरूला तिथं परत घर मिळालं पाहिजे, आणि ते सिटीच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, परवानगीत अट म्हणून लिहिलेलं पाहिजे. कंपनी म्हणत होती, "आमच्यावर विश्वास ठेवा." हे वाक्य ऐकलं की मी लेखीच मागते.

पत्रक घेऊन दारोदार फिरताना २०७ मध्ये डेस भेटले. वय चौऱ्याऐंशी. दार उघडून त्यांनी पत्रक दारातच पूर्ण वाचलं. असं कोणी करत नाही. मग म्हणाले (इंग्रजीत, मी मराठीत सांगतेय), "लव्ह, यात सगळे ओरडतायत. ऐकणारा कुठे आहे?"

मला राग आला. "ऐकणारे ऐकत नाहीत म्हणून तर ओरडावं लागतं!"

"ये आत. चहा पी. आणि आतमध्ये ओरड, कॉरिडॉरमधल्या घरांत लोक झोपलेत."

डेस ऑस्ट्रेलियन. सगळ्यांना "लव्ह" म्हणायचे, अगदी पोस्टमनलासुद्धा. गव्हाच्या शेतांमधल्या कुठल्यातरी गावात जन्म, बाप मेंढ्यांची लोकर कापणारा. विसाव्या वर्षी सिडनीला नाटकात गेले, मग टीव्ही, मग सिनेमा. साठ वर्षं काम केलं आणि हिरो एकदाही नाही. पोलीस, पाद्री, जज, डॉक्टर, घोडेवाला. पडद्यावर किती वेळा मेले याचा त्यांना हिशेब लागत नव्हता... बुडून, गोळी लागून, एकदा मगरीनं. "मगर रबराची होती, पण आमच्यात जास्त चांगलं काम तिनंच केलं," असं म्हणायचे. एका शूटिंगसाठी व्हँकूवरला आले, इथल्या एका बाईच्या प्रेमात पडले, राहिले. ती गेली. डेस २०७ मध्ये राहिले.

त्या वयातही ते ऑडिशन द्यायचे. आता ऑडिशन म्हणजे घरीच फोनवर शूट करून पाठवायची. कॅमेऱ्यामागून समोरच्याचे संवाद वाचायला कोणीतरी लागतं. ते काम माझ्याकडे आलं. मी वाचायचे आणि ते हात वर करून थांबवायचे. "लव्ह, तू माझी बायको आहेस या सीनमध्ये. मोर्चा नाहीस."

मग त्यांनी मला निळी चिकट टेप दाखवली. व्हायचं काय, की हिरोचा क्लोज-अप आधी व्हायचा. डेस कॅमेऱ्याबाहेर उभे राहून त्याला मन लावून संवाद द्यायचे. मग यांची पाळी आली की हिरो व्हॅनमध्ये जेवायला गेलेला. कॅमेऱ्याच्या बाजूला स्टँडवर टेपचा एक तुकडा लावून मिळायचा — हाच समोरचा माणूस, याच्याशी बोल. "अर्धं आयुष्य मी टेपशी बोललोय," डेस म्हणाले. "युक्ती बोलण्यात नाही. टेप बोलत असताना ऐकण्यात आहे."

मी दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, हे तुला शिकवतायत ते. तुझ्या मीटिंगांमध्ये आम्ही टेपच असतो."

सिटीची सुनावणी नोव्हेंबरमध्ये लागली. डेसना छातीचा त्रास सुरू झाला होता, त्यांना जाणं शक्य नव्हतं. ज्यांना येता येत नाही त्यांनी व्हिडिओ पाठवला तर चालतो, असा नियम होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तो २०७ मध्ये शूट केला. डेस त्यांच्या हिरव्या खुर्चीवर बसले. जुनी, मखमली, एका हाताचं कापड फाटलेलं. ट्रायपॉडच्या बाजूला भिंतीवर मी निळी टेप लावली. "वर. अजून वर. ते लोक उंचावर बसतात." मी ट्रायपॉडच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले.

सव्वा मिनिटात त्यांनी सुंदर सांगितलं. नाव, घर नंबर, इथं किती वर्षं, परत यायचं आहे, लेखी द्या. झालं. मी फोन बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं आणि टेपकडे बघत राहिले.

काहीच बोलले नाहीत. ऐकत होते. मग म्हणाले, "नाही मॅडम, घरात नाही. खाली लॉबीत. या खुर्चीवर. सकाळपासून दिवे लागेपर्यंत." आणि फाटक्या हातावर थोपटलं.

पुन्हा शांत. मग : "नाही, मी तेव्हा नव्हतो. पण हिनं पाहिलंय. हिला विचारा." आणि सरळ माझ्याकडे बोट.

पुन्हा शांत, खूप वेळ. आणखी एक वाक्य बोलले. ते शेवटी सांगते.

मी फोन बंद केला. "डेस, हे काय होतं?"

"थोडं जास्तीचं."

"मी कापणार आहे ते. कोण लॉबीत? ही खुर्ची तर तुमच्या घरात आहे."

"कापू नकोस. समोरच्याला बोलायला जागा लागते."

म्हातारा माणूस, ताप होता, जुना कोर्टाचा सीन आठवला असेल, असं मला वाटलं. त्यांनी समोर बसवून माझ्याकडून तो व्हिडिओ तसाच सिटीच्या क्लार्कला मेल करवला. ऑक्टोबरची तारीख आहे त्या मेलवर. हे लक्षात ठेवा.

नंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. सुनावणी पुढे ढकलली. नोव्हेंबरच्या शेवटी डेस न्युमोनियानं हॉस्पिटलमध्ये गेले. पडद्यावर इतक्यांदा मेलेला माणूस, आणि खरोखरचं मरण दोन नर्स आणि माझ्यासमोर, कोणताही संवाद न म्हणता. घर रिकामं करायला कोणी नातेवाईक आलं नाही. कंपनीची माणसं सामान कचऱ्यात टाकायला निघाली तेव्हा मी त्यांच्याशी भांडले, आणि मी नि दादानं हिरवी खुर्ची दोन बाजूंनी धरून खाली लॉबीत नेऊन ठेवली. कोणीतरी बसेल म्हणून. बस, एवढाच विचार होता.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. फ्लोराआंटी सकाळी औषधं आणायला खाली उतरल्या आणि परत येईपर्यंत लिफ्ट बंद. चार मजले चढणं अशक्य. कंपनीला फोनवर फोन. "टेक्निशियन निघालाय." मी कामावरून संध्याकाळी आले तर आंटी कोट घालून लॉबीतल्या त्या खुर्चीवर बसलेल्या. मी ब्लँकेट आणलं, दादानं वरण-भात आणला. लिफ्ट सुरू झाली तेव्हा बाहेरचे दिवे लागले होते. मी त्याच दिवशी कौन्सिलला पत्र लिहिलं — एका वृद्ध भाडेकरूला लिफ्टअभावी दिवसभर ताटकळत ठेवलं, निषेध, वगैरे. नाव नाही, जागा नाही. निषेधच जास्त होता.

तेव्हाही मला काही आठवलं नाही. खरंच नाही. हे लिहिताना माझीच लाज वाटते.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. मी चार पानी भाषण घेऊन गेले होते. दुसऱ्या पानावर मेयरनी वेळ संपली म्हणून माइक बंद केला. मी ओरडले. मेयर म्हणाले, "कृपया बसा." मागून दादा पुटपुटला, "बस ना बाई, आपल्यालाच हाकलतील." मग कंपनीच्या माणसानं शांतपणे सांगितलं की लिफ्ट उत्तम आहे, त्या दिवशी थोडा वेळ बंद होती, संबंधित बाई आपल्या घरात आरामात होत्या, आणि अटीची गरज नाही, विश्वास ठेवा.

हॉलमध्ये काहीजण हजर होते, काहीजण घरून मोठ्या स्क्रीनवर जोडले जात होते. क्लार्कनं नाव पुकारलं : डेस, घर नंबर २०७. स्क्रीनवर हिरव्या खुर्चीत डेस आले. ते गेलेत हे यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सव्वा मिनिट झालं. डेस थांबले. स्क्रीनवरून त्यांची नजर वर उंचावर, टोकाच्या खुर्चीवर. तिथं एक काउन्सिलर बाई बसल्या होत्या, ज्यांचं मत कोणाला कळत नव्हतं. त्यांनी कागदांतून मान वर केली. समोरचा म्हातारा आपल्याकडेच बघतोय. रेकॉर्डिंग आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"सर, एक प्रश्न. लिफ्ट बंद होती तेव्हा त्या बाई स्वतःच्या घरात होत्या का?"

क्लार्क काहीतरी सांगायला उठला.

"नाही मॅडम, घरात नाही," डेस म्हणाले. "खाली लॉबीत. या खुर्चीवर. सकाळपासून दिवे लागेपर्यंत."

क्लार्क उभाच राहिला. मागे दादानं माझ्या खुर्चीची पाठ पकडली होती.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही, मी तेव्हा नव्हतो. पण हिनं पाहिलंय. हिला विचारा."

आणि बोट आलं ते तिसऱ्या रांगेत, माझ्यावर. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पाहिलंत?"

मेयरनी व्हिडिओ थांबवायला सांगितलं आणि मला माइक दिला. हातातली चार पानं मी खाली ठेवली. त्या बाईंकडे बघितलं आणि फक्त घडलं ते सांगितलं. आंटीचा कोट. औषधाची पिशवी मांडीवर. "मला वर कधी नेणार?" एवढंच त्या विचारत होत्या, तेही हळू. मी ओरडले नाही. पहिल्यांदाच मला दिसत होतं की समोरचा माणूस ऐकतोय.

अट एका मतानं मंजूर झाली. ते मत त्याच बाईंचं.

बाहेर माझ्याकडून कळल्यावर क्लार्कनं माझ्यासमोरच बाईंना सांगितलं की तो व्हिडिओ ऑक्टोबरमधला होता आणि ते गृहस्थ हयात नाहीत. "पण ते मला उत्तर देत होते," बाई म्हणाल्या. आणि गाडीकडे गेल्या.

आता खुलासे. सगळे मीच करून पाहिलेत. माणूस साठ वर्षं कोर्टाचे सीन करत आला, त्याला माहीत असतं की असे प्रश्न येतात. मान्य. प्रश्न विचारणारी काउन्सिलर बाईही निघू शकते. मान्य. शूटिंगला मी ट्रायपॉडजवळ उभी होते म्हणून माझ्याकडे बोट, हॉलमध्ये मी बसले तिथं ते योगायोगानं पडलं. मान्य. पण खुर्ची? दादानं मूळ फाइल तपासली, मेल तपासला. कुठेही हात लावलेला नाही, तारीख ऑक्टोबरची. ती खुर्ची खाली न्यायचं डिसेंबरमध्ये माझ्या डोक्यात आलं. मी दादाला विचारलं, "बोल ना, तू इंजिनिअर आहेस."

"अगं, दुसरी बाजू मीच धरली होती," एवढंच म्हणाला आणि लॅपटॉप बंद केला.

माझ्याकडे खुलासा नाही. पुरावा आहे, खुलासा नाही. सीताबर्डीच्या चौकात मी याला काय म्हटलं असतं मला माहीत आहे.

आता ते शेवटचं वाक्य. हॉलमध्ये ते वाजलंच नाही, त्याआधीच व्हिडिओ थांबवला होता. फाइलमध्ये आहे. डेस टेपकडे बघतात, बराच वेळ ऐकतात, मान हलवतात आणि म्हणतात :

"सगळे नाही, लव्ह. पण बरेच आले."

काउन्सिलर बाईंना त्यांनी "मॅडम" म्हटलं होतं. हे "लव्ह" आहे. म्हणजे "सगळे परत आले ना?" हा प्रश्न माझा आहे, मी अजून विचारलेला नाही, आणि कधी विचारीन तेही मला कळतंय. टॉवर उभा राहील त्या दिवशी.

मार्चपासून बिल्डिंग रिकामी होतेय. लोक पार हजारो किलोमीटरवरच्या ब्रॅम्पटनपर्यंत पांगतायत. मी एक वही केली आहे : प्रत्येक भाडेकरूचं नाव, नवा पत्ता, मुलांचे फोन, शेजाऱ्यांचे फोन. पहिल्या पानावर फ्लोराआंटी. दर महिन्याला प्रत्येकाला फोन करते. हिरवी खुर्ची आमच्या नव्या बेसमेंटमध्ये आहे, तीही परत जाणार.

डेसचं पहिलं उत्तर बरोबर निघालं, दुसरंही. तिसरं मी चूक ठरवणार आहे.