केशोरीच्या बाईचा आवाज

कुडव्यात माझ्या शिलाईच्या दुकानाशेजारी एक तरुण पोरगा भाड्याने राहतो. लग्नसराईत डीजे वाजवतो आणि एरवी हिपहॉपची गाणी तयार करतो. बोलताना त्याची बोटं माझ्या काउंटरवर ठेका धरतात. राइस मिलचा, मोटरपंपाचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणतो आणि मला ऐकवतो. मला त्यातलं फारसं कळत नाही.

गेल्या वर्षी त्याने केशोरी गावच्या एका म्हाताऱ्या बाईचं भाताच्या रोवणीचं गाणं तिच्याच आवाजात आपल्या ठेक्यावर बसवलं. ते खूप चाललं. मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला, तेव्हा तो माझ्या दुकानातच होता. त्यांना गाणं हवं होतं, पण त्या बाईऐवजी शिकलेली गायिका घ्यायची होती.

"मंग राहू द्या," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

"काऊन नाही म्हटलं गा?" मी विचारलं.

"काकाजी, ठेका कोणीबी बनवते. लोक तिचा आवाज आयकून राहिले."

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो केशोरीला जाऊन तिला सगळं सांगून आला.

"काय म्हणाली?"

"शिव्या देल्या. म्हणे, असा मोका कायले सोडला? मंग जवळ बसवलं अन् दुसरं गाणं म्हणून दाखवलं."