पूर्णेकाठचे सात तास
सरकारी जीप गावाच्या पांदीच्या गाडीवाटेत शिरली तेव्हा मंजुळाबाई नदीवरून परतत होती. धुरळ्यातली ती गाडी बघून ती आडवाटेनं घराकडे धावली.

मलकापूरच्या उत्तरेला, पूर्णेकाठी तिचं गाव. पात्रात काळी-पांढरी मोजपट्टी रोवलेली होती. रोज सकाळी आठला, आणि पूर आला की तासातासाला, पाण्याची पातळी वहीत लिहायचं काम तिचा नवरा इंद्रभान करायचा. चार पावसाळ्यांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं नि तो खाटेला खिळला. हातचं काम जाऊ नये म्हणून चौथी शिकलेली मंजुळाबाई पट्टी वाचू लागली आणि आकड्यांखाली त्याचीच सही करू लागली. खात्यात कुणाला याचा पत्ता नव्हता.

त्या सुमारास जगातल्या पुष्कळ देशांनी मिळून दहा वर्षं आपापलं पाणी नीट मोजायचं नि ती माहिती एकमेकांना द्यायची असं ठरवलं होतं. त्यापायीच खात्याचे इंजिनिअर चिंतामणराव एका गोऱ्या पाहुण्याला घेऊन आले होते.

"तू आतच राय," इंद्रभान खाटेवरून कसाबसा म्हणाला.

ती दाराआड उभी राहिली. पाहुण्यानं वहीची पानं उलटली आणि गेल्या श्रावणातल्या महापुरापाशी बोट ठेवलं. चिंतामणरावांनी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं, "पट्टी तर बुडाली होती. मग हे सात तासांचे आकडे आले कुठून?"

इंद्रभाननं दाराकडे नजर टाकली.

"या पाहुण्यांकडची नदी पाच-सहा देशांतून वाहते. वरच्या देशानं मनानं आकडा लिहिला तर खालची गावं बेसावध बुडतात, म्हणतात. आपलंही पाणी तापीतून गुजरातेत जातं, इंद्रभान."

आकडे कचेरीतल्या कपाटात जाऊन पडतात, एवढंच मंजुळाबाईला वाटत आलं होतं. त्यांच्यापायी कुणी बुडू शकतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. पदर सावरून ती बाहेर आली.

"मनानं नाही लिवले, सायेब. मीच लिवले. चार सालापासून समदं मीच लिवून राह्यली. काय करायचं थे मले करा, याइले काही करू नोका."

"तू काऊन बाहेर आली वं?" इंद्रभानला रडूच फुटलं.

"सरकारी वहीत खोटी सही!" चिंतामणराव कडाडले. "कळतं का बाई तुम्हाला?"

"हाव." ती त्यांना काठावरच्या कडुनिंबाकडे घेऊन गेली. पुरात तासातासाला कमरेइतक्या पाण्यात उतरून, एका हातानं खोड कवटाळून तिनं पाणी लागलं तिथे विळ्यानं खाच पाडली होती. सात तास. पाणी ओसरताना पट्टीचं टोक उघडं पडलं, त्या घडीलाही एक खाच पाडली आणि तिथून वरचं अंतर मोजून आकडे लिहिले.

पाहुण्यानं तिपाईवर पातळी मोजायची दुर्बीण लावून एकेक खाच तपासली. तोवर मंजुळाबाई मातीत बसून होती. बेड्या घालतील, की तशीच नेतील? खाटेवरच्या माणसाला भाकरी कोण देईल?

"दोन बोटांचा फरक," चिंतामणराव अखेर म्हणाले. आवाज उतरला होता. "आकडे राहू द्या म्हणतात. सहीचं मात्र मला वर कळवावं लागेल. इंद्रभानचं काम सुटलं असं समजा."

पुढचे अडीच महिने पोलीस येतील या धाकात गेले. रस्त्यावर मोटार वाजली की ती घास टाकून उठायची. तरी रोज आठला ती पट्टीपाशी जायची आणि आकडा कोऱ्या कागदावर लिहून ठेवायची. मग एक दिवस खात्याचं टपाल आलं. सहीबद्दल ताकीद, नि पट्टी वाचायला नेमणूक: मंजुळाबाई इंद्रभान, रोजंदारीवर. स्वतःचं नाव तिनं तीनदा वाचलं.

पुढच्या पावसाळ्यात पूर्णा फुगली. पाणी पट्टीवर भराभर चढताना तिला कधी न पाहिलेल्या गुजरातेतल्या बाया दिसायला लागल्या, घाटावर धुणं घेऊन बसलेल्या. चिखल तुडवत ती तारघर गाठून खिडकीपाशी उभी राहिली. तारबाबू चहा पीत होता.

"बाबू, आधी हे धाडा," पातळीच्या आकड्याचा कागद पुढे करत ती म्हणाली. "खाल्लाकडच्या लोकाइले ठावं नसन."