एका विहिरीवरचे दोन एक नंबर

मंचरला माझं मोटार-स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या विहिरीवर मी साहेब असतो, सासुरवाडीच्या विहिरीवर मात्र फुकटचा गडी. तरी बेल्ह्याहून सासऱ्यांचा फोन आला की जावं लागतं. न जाऊन सांगतो कुणाला? बायको घरातच आहे.

विहीर सासऱ्यांची आणि त्यांच्या चुलतभावाची, निम्मी निम्मी. पंप दोन, बोलणं बंद. बांधावरून बिनसल्यापासून दोघांना जे काही बोलायचं ते माझ्यासारख्या एखाद्याला मध्ये घालून. मोबाईलवरून पंप चालू करायचा बॉक्स मात्र दोघांनी मिळून घेतला. टोमॅटोची रोपं दोघांचीही कालच लावलेली, ऊन मी म्हणत होतं आणि लाईट दोन वाजता जाणार होती. त्याआधी पाणी दिलं नाही तर रोपं गेलीच.

दोन पंपांचे दोन कंट्रोलर, एकाच वायरीच्या जोडीवरून बॉक्सशी बोलणारे. दोघांचा बोलायचा वेग सारखा ठेवायचा, नंबर मात्र वेगळा द्यायचा. सासऱ्यांच्या पंपाला एक दिला, चुलत सासऱ्यांच्या पंपाला दोन, आणि मी चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर बॉक्सवर लाल दिवा. पंप उठेनात. वायरी उलटसुलट केल्या, बॉक्सचं सेटिंग पुन्हा घातलं, कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, एकदा बंद करून चालू करा." अरे बाबा, एवढं माझ्या सासूबाईंनाही कळतं! एक वाजून गेला. शेवटी चुलत सासऱ्यांचा कंट्रोलर पुन्हा तपासला, तर नंबर एक.

"हे कुणी केलं?"

"मी," चुलत सासरे शांतपणे म्हणाले. "तुमी बटनं दाबताना बघितलं व्हतं. सहा महिन्यांनी थोरला हाय मी. दोन नंबर का म्हणून घ्यायचा?"

मी कपाळाला हात लावला. "अहो, एकाच नावानं हाक मारली की दोघंही ओ देतात. बॉक्सला काय कळणार, डोंबल?"

"मग त्यान्ला म्हणावं, तुमी घ्या दोन."

"त्यान्ला म्हणावं, जावई माझा हाय!" विहिरीच्या पलीकडून सासरे.

बरं, म्हटलं पाच आणि सहा देतो. तर दोघं एका सुरात, "पाच कुणाला?"

माझं डोकंच फिरलं. पक्कड आपटली. "खड्ड्यात गेला तुमचा मोठेपणा! ती रोपं बघा आधी!" जावयानं असं बोलायचं नसतं. बोलून गेलो आणि मग घाबरलो.

दोघांनी वळून बघितलं. रोपांनी माना टाकल्या होत्या. चुलत सासरे खाकरले. "करा माझा दोन. पाणी सोडा."

सासरे जिंकले होते, पण तोंड एवढंसं झालं. "म्हंजी मोठेपणा यांनीच दाखवायचा व्हय? न्हाई, माझा दोन करा!"

"आधी मी म्हणलोय!"

"पावणं, माझाच दोन!"

देवा, उचल मला! एकेकाला बाजूला घेऊन "तुमचाच दोन केला" असं कानात सांगितलं आणि नंबर सकाळचेच घातले. हिरवा दिवा लागला. पाइप फुरफुरले, पाणी सरीत पळालं.

तेवढ्यात सासऱ्यांची नजर आपल्या कंट्रोलरवर गेली. तिथं ठळक एक. पलीकडून चुलत सासरे चष्मा लावत त्याच कंट्रोलरकडे येत होते. आता पुन्हा जुंपणार!

सासऱ्यांनी पटकन त्या आकड्यावर तळहात ठेवला. आपण थोरल्याच्या वर बसलोय, हे थोरल्याला दिसू नये म्हणून. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"दादा," ते थेट त्यांनाच म्हणाले. "इथं काय बघायचंय? चल, पाणी कुठवर गेलं ते बघू."

चुलत सासरे जागीच थांबले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिले. मग म्हणाले, "चल."