हिरव्या मिरवणुकीत आमचे ढोल

आमच्या टोकियोच्या ऑफिसात दोन आयरिश होते आणि दोघांचं आपसात अजिबात पटत नव्हतं. एक डब्लिनची बाई, जन्माने आणि पासपोर्टाने आयरिश. दुसरा बॉस्टनचा. त्याचे खापरपणजोबा दुष्काळात आयर्लंड सोडून अमेरिकेच्या बोटीत चढले, त्यानंतर घरातलं कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. इंग्रजांवरचा राग मात्र वंशपरंपरेने चालत आलेला. मी मनातल्या मनात त्यांना डब्लिनकर आणि बॉस्टनकर म्हणायचो.

"आमच्या गल्लीतली मतं हवी असतील तर खासदाराला लंडनला खडसवावंच लागतं," बॉस्टनकर जेवताना सांगायचा. "अमेरिकेचं आयर्लंडबद्दलचं धोरण आमच्या चर्चच्या तळघरात चहा पिता पिता ठरतं!"

"तुम्ही समुद्रापलीकडून मुठी आवळता," बाई म्हणायची, "आणि शेजार करावा लागतो आम्हाला. माझी सख्खी मावशी सीमेपल्याड, इंग्रजांकडेच राहिलेल्या उत्तर आयर्लंडात राहते. तिच्याकडे गेले की मी भांडते ते फक्त तिच्या मांजराशी."

मी कुणाचीच बाजू घ्यायचो नाही. कुठल्या तोंडाने घेणार? पुण्यात असताना मी जन्मात कधी ढोलाला हात लावला नव्हता आणि टोकियोतल्या एदोगावा या भारतीयांच्या वस्तीत राहायला आल्यावर गणपतीच्या ढोल पथकात पहिल्या रांगेत घुसलो होतो.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी मार्चमध्ये आयरिश लोकांच्या सणाची हिरवी मिरवणूक निघायची होती. पण ढोल वाजवणारे बरेच परदेशी भूकंपानंतर आपापल्या देशी निघून गेलेले. बॉस्टनकर माझ्या टेबलाशी आला. "तुमचे ते मोठे ढोल आम्हाला द्या, माणसांसकट. तुम्हालाही इंग्रजांनी छळलंय. आपण भाऊ-भाऊ." आमच्या गणपती मंडळाने आनंदाने होकार दिला. ढोल बडवायला कारण मिळालं की आमची मंडळी देश विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डब्लिनकर बाईने मला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. "इंग्रज व्यापारी शिष्टमंडळाचे प्रमुख मिरवणुकीला पाहुणे म्हणून येणार आहेत. आमच्या लोकांनी महत्प्रयासाने त्यांना बोलावलंय. आणि हा बाबा 'इंग्रजांनो, चालते व्हा' ओरडायला कर्णा घेऊन येतोय."

"मग मी काय करू?"

"त्याने तोंड उघडलं की ढोल."

इतकं सोपं आणि इतकं पुण्याचं काम मला ऑफिसात कधीच मिळालं नव्हतं.

मिरवणुकीच्या दिवशी आम्ही फेट्यांना हिरव्या फिती लावून उभे. माझी मुलगी चार हात लांब चालत होती आणि "बाबा, हाझुकाशी!" म्हणजे लाज आणताय, असं जपानीत पुटपुटत होती. बॉस्टनकरने कर्णा तोंडाशी नेला की मी टिपरू उचलायचो आणि सगळं पथक तुटून पडायचं. त्याला वाटलं, हा जोश आपल्यासाठीच आहे. दर वेळी तो मागे वळून मला अंगठा दाखवायचा.

पण टोकियोत मिरवणुकीलाही लाल सिग्नलला थांबावं लागतं. शेवटच्या चौकात पोलिसाने कमरेत वाकून "सुमिमासेन, माफ करा, जरा शांत" अशी विनंती केली. आता पोलीस इतक्या अदबीने बोलल्यावर ढोल कसे वाजवणार? आम्ही थांबलो. त्या शांततेत बॉस्टनकरने आपली घोषणा दिली, तीही मोबाईलवर घोकलेल्या आयरिश भाषेत.

फुटपाथवरच्या जपानी आज्यांना वाटलं, हा सणाचा जयघोष असावा. त्यांनी तो जमेल तसा हौसेने परत दिला. इंग्रज साहेब खूश होऊन डब्लिनकर बाईकडे वळले. "काय सुंदर वाटतं ऐकायला! अर्थ काय याचा?"

बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "वसंत ऋतूच्या शुभेच्छा."

"मग मलाही म्हणू द्या!" साहेबांनी बॉस्टनकरच्या हातून कर्णा घेतला, त्याच्याकडून दोनदा उच्चार घोकून घेतले, आणि इंग्रजांनी चालतं व्हावं असं टोकियोच्या भर रस्त्यात तीनदा ठणकावून सांगितलं. आज्यांनी टाळ्या पिटल्या.

बॉस्टनकरचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसत सुटला, फुटपाथच्या कडेला बसून डोळे पुसेपर्यंत हसला. "माझ्या खापरपणजोबांना हे दिसायला हवं होतं," तो म्हणाला.

"तुझे खापरपणजोबा कुठल्या गावचे?" बाईने पहिल्यांदाच विचारलं. त्याने गावाचं नाव सांगितलं. तिने ते बरोबर कसं उच्चारायचं ते सांगितलं. बिचारा आयुष्यभर आपल्याच गावाचं नाव चुकीचं घेत होता.

त्या उन्हाळ्यात तो रजा काढून आयर्लंडला गेला. परतल्यावर मी विचारलं, "कसं होतं गाव?"

"छान. पण तिथे कुणाला इंग्रजांचं काही पडलेलंच नाही," तो खट्टू होऊन म्हणाला. "सगळे त्यांचा फुटबॉल बघतात."